पोर्टर: खरपूस कुठे संपतं आणि करपट कुठे सुरू होतं

प्रश्न थोडक्यात असा. मेहुण्याने लंडनहून येताना पोर्टर या गडद बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. एक दिवाळीत उघडली, बरी वाटली. दुसरी शोकेसमध्ये राहिली आणि परवा, जूनमध्ये, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून अर्धी प्यायली. लेबलवर चॉकलेट, कॉफी, टॉफी असं बरंच काही छापलेलं, तोंडात मात्र ‘करपलेला चहा आणि सोया सॉस’. बाटली खराब होती, की पोर्टर अशीच असते, की आपल्याला चवच कळत नाही? आणि स्टाउट नावाची दुसरी काळी बिअर व पोर्टर यांत फरक काय?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो: चव तुम्हाला चांगली कळते. लेबलवरचे शब्द बाजूला ठेवून जे लागलं ते तुम्ही लिहिलंत, आणि त्यामुळेच उत्तर देणं सोपं झालं. ‘करपलेला चहा’ आणि ‘सोया सॉस’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. पहिलीला तुमचा फ्रीज जबाबदार आहे, दुसरीला तुमचं शोकेस.

मी पुण्यात बिअर बनवतो, पंधरा वर्षं झाली. (गावी अजून ‘गाळतो का रे?’ असंच विचारतात.) नवीन मुलगा कामाला आला की त्याला पहिल्या दिवशी बिअर देत नाही. पाच बरण्या समोर ठेवतो आणि दाणे चावायला सांगतो. बार्ली म्हणजे आपला सातू. त्याला मोड आणून वाळवला की माल्ट होतं, नाचणीचं सत्त्व करताना आपण करतो तसंच. पहिल्या बरणीत पेल माल्ट, चव साध्या लाहीसारखी, किंचित गोड. दुसरीत क्रिस्टल माल्ट. हा दाणा ओला असतानाच तापवतात, त्यामुळे आतल्या पिठाची सालीच्या आतच साखर होते आणि मग ती साखर भाजली जाते. दाताखाली चिक्कीसारखा कुरकुरतो आणि मागे काकवी लागते. तिसरीत ब्राउन माल्ट: कोरडं, भाजलेल्या शेंगदाण्याच्या लाल सालासारखं. चौथीत चॉकलेट माल्ट. त्यात चॉकलेटचा कणही नसतो, नाव रंगावरून आणि वासावरून पडलंय. मला त्यात नेहमी इराण्याकडच्या कडक ब्रून पावाचा तळ आठवतो. पाचवीत ब्लॅक माल्ट, म्हणजे जवळजवळ कोळसाच.

मग मी मुलाला विचारतो, घरी भाजणी केली आहेस का? बहुतेकांनी आईला करताना पाहिलेलं असतं. तांदूळ वेगळे, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडीद वेगळे, धणे वेगळे, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. त्यातली एक गोष्ट जरी तव्यावर जास्त वेळ राहिली तरी सगळी भाजणी कडवट होते आणि नंतर कितीही ताक घातलं तरी ते लपत नाही. पोर्टरचं नेमकं हेच आहे. इंग्रजीत या बिअरबद्दल बोलताना लोक कॉफी आणि चॉकलेट यांच्यापलीकडे फारसे जात नाहीत. आपल्याकडे याला केवढे शब्द आहेत: खमंग, खरपूस, करपूस, करपट, जळकट, धुरकट. भाकरीवरचे डाग खरपूस असतात, तीच भाकरी अर्धा मिनिट जास्त राहिली की करपट. चांगली पोर्टर खरपूसच्या शेवटच्या टोकाला उभी असते आणि पलीकडे पाय टाकत नाही. माझ्या मते या बिअरची परीक्षा एवढ्यावरच आहे, बाकी सगळं तपशिलात.

आता तुमचा फ्रीज. घरचा फ्रीज साधारण चार अंशांवर असतो. इतक्या थंड बिअरमधून वास वर येतच नाही आणि गोडवाही दबतो. कडूपणा मात्र तेवढा दबत नाही. म्हणजे काकवी, खजूर, कोको, ज्यांनी कडूपणाला सांभाळून घ्यायचं, ते सगळे झोपलेले आणि भाजका कडूपणा एकटा जागा. त्यालाच तुम्ही करपलेला चहा म्हणालात. पोर्टर दहा ते तेरा अंशांना प्यायची असते. आपल्या हवेत बाटली फ्रीजबाहेर काढून वीस-पंचवीस मिनिटं ओट्यावर ठेवली की काम होतं, मे महिन्यात पंधरा पुरतात. पाहुण्यांसमोर ‘गरम बिअर’ दिल्याचा संकोच वाटतो, मान्य आहे. पहिला घोट थंडच घ्या, ग्लास बाजूला ठेवा, गप्पा मारा आणि परत या. त्याच ग्लासात दुसरी बिअर सापडेल.

ती कशी सापडते हे एका ठरावीक बिअरवर दाखवतो. फुलर्सची लंडन पोर्टर घेऊ. थेम्सकाठी चिझिकमध्ये ग्रिफिन ब्रुअरीत बनते, १९९६पासून, अल्कोहोल ५.४ टक्के. २०१९मध्ये फुलर्सचा बिअरचा धंदा जपानच्या असाही कंपनीकडे गेला, ब्रुअरी तिथेच आहे. ब्राउन, क्रिस्टल आणि चॉकलेट माल्ट, आणि फगल्स नावाचे जुने इंग्रजी हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं. माझ्या कारखान्यातला प्रत्येक जण हिला मास्तर मानतो, मीही.

गेल्या वेळी मी ती मोठ्या तोंडाच्या ग्लासात, बारा अंशांवर ओतली. आधी रंग. सगळे म्हणतात काळी, पण ग्लास ट्यूबलाइटसमोर धरा: कडेला गडद तांबूस, कोकमाच्या आगळासारखी. फेस पांढरा नाही, कमी दुधाच्या कॉफीसारखा. बारीक आणि दाट. नाक ग्लासात घातलं की पहिला वास कोकोचा येतो, पण गोड चॉकलेटचा नव्हे, कोको पावडरचा डबा उघडल्यावर येतो तो. त्यामागे भाजलेलं सुकं खोबरं. हे मी इंग्रज सहकाऱ्यांना कधी समजावू शकलो नाही, तुम्हाला एका शब्दात कळेल. थोडं थांबलं की खजूर आणि काळ्या मनुका, आणि अगदी तळाशी ओल्या मातीसारखं काहीतरी, ते फगल्सचं.

तोंडात घेतल्यावर आधी काकवी. मग मधल्या टप्प्यात ती अचानक कोरडी होते, इथे ब्राउन माल्ट कळतं. जीभ म्हणते गोड आहे, टाळू म्हणतो भाजलेलं आहे. गिळताना कडूपणा येतो. आता एक करा: गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने हळू श्वास सोडा. लेबलवरची ‘कॉफी’ इथे आहे, जिभेवर नाही. निम्मे लोक हे करतच नाहीत आणि मग म्हणतात कॉफी कुठे आहे.

कडूपणा दोन प्रकारचा असतो आणि तो वेगळा काढता आला पाहिजे. हॉप्सचा कडूपणा कारल्यासारखा: स्वच्छ, घशाकडे रेंगाळणारा, मग विरून जाणारा. भाजलेल्या दाण्याचा कडूपणा कॉफीसारखा, आणि जास्त झाला तर राखेसारखा. जीभ खरखरीत होते आणि पाणी प्यावंसं वाटतं. तिसरी गोष्ट कडूपणा नाहीच, तो तुरटपणा: कच्ची सुपारी किंवा पातेल्यात विसरलेला कोरा चहा. हा सालीतून उतरतो, आणि तो दोष ब्रुअरचा. या फुलर्समध्ये कारलं थोडं, कॉफी बरीच, सुपारी शून्य. शेवटी तोंड कोरडं राहतं, त्यामुळे दुसरा घोट घ्यावासा वाटतो. पोर्टर पोटभरीची असते हा गैरसमज रंगामुळे झालाय.

हा तोल पाण्यावर किती अवलंबून आहे ते मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. पुण्यात पहिली पोर्टर केली तेव्हा कृती इंग्लंडहून शिकून आलो होतो, माल्ट आयात केलेलं, यीस्ट बरोबर. बिअर आली ती पातळ, आंबूस आणि राखेसारखी. एका गिऱ्हाईकाने सरळ सांगितलं, ‘साहेब, ही रात्रीची उरलेली कॉफी आहे.’ मी माल्टला दोष दिला, पुरवठादार बदलला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कधी नव्हे ते गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), मोजला, आणि तो ५.० निघाला. पाहिजे होता ५.४च्या पुढे.

कारण साधं होतं. गडद भाजलेलं माल्ट आम्लधर्मी असतं. लंडनचं पाणी चुनखडीतून येतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर. ते माल्टचं आम्ल खाऊन टाकतं आणि पीएच जागेवर राहतो. त्याच पाण्यात फिकट बिअर केली तर ती खरखरीत होते, म्हणून गडद बिअर लंडनला मानवली. मी मात्र आरओचं, काहीही नसलेलं पाणी वापरत होतो. आम्लाला अडवायला कोणीच नाही. पुढच्या खेपेला चिमूट-चिमूट मोजून खायचा सोडा घातला, आणि चॉकलेट माल्ट सुरुवातीला न टाकता भिजवण्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत टाकलं. बाकी तीच कृती, तेच माल्ट, पण राख गेली आणि कोको आला. मुंबईचं तलावाचं पाणीही असंच मऊ आहे, तिथे गडद बिअर करणाऱ्यांनाही हा हिशेब करावाच लागतो. म्हणून एखाद्या ठिकाणची पोर्टर ‘आंबूस करपट’ लागली तर मी मनात आधी पाण्याबद्दल विचारतो, माल्टबद्दल नंतर.

आता सोया सॉस. तुमची बाटली नोव्हेंबर ते जून, तेही शोकेसमध्ये, म्हणजे सगळा उन्हाळा पस्तीस-चाळीस अंशांत. बाटलीत थोडा प्राणवायू उरतोच, आणि उष्णतेत त्याचं काम कितीतरी वेगाने चालतं. फिकट बिअर जुनी झाली की ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. गडद बिअरमध्ये सुरुवातीला हे लपतं, उलट थोडी मनुका, थोडी शेरी वाइन अशी छटा येते आणि बरं वाटतं. मग ती उतरणीला लागते आणि सोया सॉसवर येते. बाटलीत तळाला यीस्ट असेल तर त्याच्या मेलेल्या पेशी फुटूनही असाच खारट-मटणाच्या रश्शासारखा स्वाद उतरतो. दोन्हीला कारण एकच: उष्णता आणि वेळ. दिवाळीतली बाटली बरी होती हाच पुरावा. बनवणाऱ्याचा यात काही दोष नाही. पाच-सहा टक्क्यांची पोर्टर जपून ठेवायची गोष्ट नव्हे. बाटली तपकिरी असली तर उजेडापासून वाचते, उकाड्यापासून नाही.

गंमत म्हणजे एके काळी पोर्टर मुद्दाम मुरवायचे. तेव्हाची चव आजच्यासारखी नव्हती, आणि ‘अस्सल जुनी चव’ वगैरे जाहिराती वाचताना हे लक्षात ठेवावं. अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत लंडनमध्ये ही बिअर रुजली. नाव तिथल्या पोर्टरांवरून, म्हणजे हमालांवरून: नदीवरचा आणि रस्त्यावरचा माल डोक्या-खांद्यावरून वाहणारे. आपल्याकडे मशीद बंदरच्या माथाड्यांच्या नावाने एखादं पेय निघावं तसं. पिकॅडिलीत रस्त्याकडेला खांद्याच्या उंचीची एक फळी आहे, १८६१ साली हमालांना ओझं टेकवायला लावलेली. आता तिथे प्रतिकृती आहे. त्या उंचीवर हात ठेवून बघितला की नावामागचा घाम कळतो.

तेव्हाचं ब्राउन माल्ट लाकडाच्या जाळावर वाळवलेलं, म्हणजे धुरकट. बिअर प्रचंड लाकडी पिंपांत महिनोन् महिने ठेवायचे. त्यात एक रानटी यीस्ट वाढायचं आणि धूर मावळून आंबूस, चामड्यासारखा स्वाद यायचा. मुरलेल्या लोणच्याला जसं कच्च्या लोणच्यापासून वेगळं मानतो तसंच ते लोक मुरलेली आणि ताजी पोर्टर वेगळी मानत, आणि मिसळूनही पीत. ते यीस्ट १९०४मध्ये कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन नावाच्या संशोधकाने ओळखलं आणि ब्रेटानोमायसिस असं नाव दिलं, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’. पिंपं मोठी करण्याची चढाओढ इतकी वाढली की १७ ऑक्टोबर १८१४ला टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या म्यू कंपनीच्या हॉर्स शू ब्रुअरीत एक पिंप फुटलं आणि पोर्टरच्या लाटेत आठ माणसं गेली. शेजारच्या गरीब वस्तीतली, बायका आणि मुलं.

चव खरी बदलली ती हिशेबाने. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात साखर किती उतरली ते मोजायचं साधन, आल्यावर ब्रुअरांना आकड्यांत दिसलं की ब्राउन माल्टमधून साखर कमी निघते, पेल माल्ट महाग असूनही परवडतं. मग बहुतेक पेल माल्ट घ्यायचं आणि रंग वेगळा आणायचा असं सुरू झालं. त्यात बऱ्याच लबाड्या झाल्या, जळकी साखर वगैरे. १८१७मध्ये डॅनियल व्हीलरने कॉफी भाजतात तशा फिरत्या पिंपात माल्ट काळं भाजायचं पेटंट घेतलं आणि प्रश्न मिटला: मूठभर ब्लॅक माल्टने सगळी बिअर काळी. पण त्या दिवसापासून पोर्टरमध्ये ‘करपट’चा धोका आला, जो आधी ‘धुरकट’चा होता. माझ्या पाचव्या बरणीवर मी म्हणूनच लाल पट्टी चिकटवली आहे.

आपल्याकडचा एक धागा यात आहे. हिंदुस्थानासाठी बनलेल्या पेल एल या फिकट बिअरची, म्हणजे आयपीएची गोष्ट प्रत्येक पबच्या भिंतीवर असते. पण ती बाटली साहेबाच्या टेबलावरची. बराकीतला गोरा शिपाई पोर्टर प्यायचा, आणि ती जहाजांनी भरभरून यायची. मुंबईच्या धक्क्यावर उतरलेली पिंपं इथल्या हमालांनी वाहिली असतील, हमालांच्याच नावाची बिअर. त्यांना ती प्यायला मिळाली असेल असं मला वाटत नाही.

स्टाउटचा प्रश्न मी लवकर संपवतो, कारण त्यावर लोक उगाच भांडतात. स्टाउट म्हणजे मूळात ‘दणकट’. दणकट पोर्टरला ‘स्टाउट पोर्टर’ म्हणायचे, मग शेपूट गळलं. डब्लिनचं गिनेसही अठराव्या शतकात एलवरून पोर्टरवर आलेलं घराणं आहे. आज दणकटपणाचाही नियम उरला नाही: नळावरचं गिनेस सव्वाचार टक्क्यांच्या आसपास, आणि वरची फुलर्स पोर्टर ५.४. ढोबळ खूण हवी असेल तर स्टाउटमध्ये मोड न आणलेली, काळी भाजलेली बार्ली असते, त्यामुळे कडक कॉफीची धार येते. पोर्टरमध्ये ब्राउन-चॉकलेट माल्टचा कोको आणि काकवी. डोळे झाकून दिलेल्या दहा ग्लासांत मी स्वतः दोन-तीन चुकतो. बाल्टिक पोर्टर मात्र खरंच वेगळी: बहुधा लागरच्या, म्हणजे नेहमीच्या फिकट बाटलीतल्या बिअरच्या, यीस्टने थंडीत आंबवलेली, सात-नऊ टक्क्यांची. ती शोकेसमध्ये नाही, पण थंड कपाटात ठेवायला हरकत नाही.

सोबत काय खावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. तांबडा रस्सा नको. मिरची, फेसाचे बुडबुडे आणि भाजका कडूपणा एकत्र आले की तोंडात फक्त जाळ उरतो. कांदा-खोबरं काळपट भाजून केलेल्या वाटणाचं सुकं मटण घ्या, तिखट बेताचं. खोबऱ्याला खोबरं भेटतं. आणि हसाल, पण बेसनाचा लाडू घेऊन बघा. साजूक तुपात नीट भाजलेलं बेसन आणि बारा अंशांची पोर्टर. आमच्याकडे दिवाळीत हे मुद्दाम करतो आणि दरवर्षी कोणीतरी आधी नाक मुरडतं, मग दुसरा लाडू मागतं.

उरलेल्या अर्ध्या बाटलीचं काय केलंत ते लिहिलं नाहीत. फेकली नसेल तर फेस मोडू द्या आणि मटण जवळजवळ शिजलं की त्यात वाटीभर घाला. सुरुवातीला नको, आटली की कडू होते. सोया सॉसची चव रश्शात खपून जाते.